पहिल्याच आकड्याला होकार

"एजंट म्हणजे काय, तर कुलूप उघडून ‘हा हॉल, हे किचन’ असं सांगणारा माणूस," चष्मेवाले जेवता जेवता म्हणाले. "हॉल मला दिसतो. किचन मला दिसतं. आणि उद्या दिसेनासं झालं, तर चष्म्याचं दुकान घरचंच आहे."

हा विनोद त्या आठवड्यात बऱ्याचदा होऊन गेला होता आणि दर वेळी ते एकटेच हसले होते. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. ती इस्पितळात नर्स होती आणि रात्रपाळीला निघण्याआधीचा वेळ तिला वादात घालवायचा नसे.

"माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "ज्याला कळतं त्याला विचारावं. पेशंट आला की मी त्याला सांगते का, स्वतःच टाके घाल म्हणून?"

"टाके वेगळे. हा सरळ व्यवहार आहे. विकणारा भाव सांगणार. परवडला तर आपण घेणार, नाही परवडला तर नमस्कार करून घरी येणार. यात तिसरा माणूस बसतो कुठे?"

चष्मेवाल्यांचं अख्खं आयुष्य याच सूत्रावर चाललं होतं. त्यांच्या दुकानात प्रत्येक फ्रेमच्या काडीला भावाची चिठ्ठी लावलेली असे आणि त्या चिठ्ठीपुढे राव-रंक सगळे सारखे. कुणी "थोडं कमी करा की" म्हणालं, तर त्याने डोळ्यांचा नंबरच कमी करून मागितल्यासारखे ते त्याच्याकडे बघत. दुसऱ्याच्या दुकानातही त्यांची हीच रीत. भाजीवालीने सांगितलेला भाव देऊन वर तिचे आभार मानल्याबद्दल त्यांना भाजी आणण्याच्या कामातून कायमचं मोकळं करण्यात आलं होतं. चपला, पंखे, पडदे, सगळी घासाघीस बायको करी, आणि ती चालू असेपर्यंत चष्मेवाले दुकानाबाहेर उभे राहून रहदारी बघत.

घराचं मात्र आता लांबवून चालणार नव्हतं. राहत्या घराच्या मालकाने मुलाचं लग्न ठरल्याची गोड बातमी देऊन, त्याच दमात घर रिकामं करण्याची तारीखही सांगितली होती. बायकोने लग्नानंतर इतकी भाड्याची घरं लावली आणि मोडली होती की खोकी बांधताना तिला आता दोरी मोजावी लागत नसे. तिची मागणी एकच होती. बाल्कनी हवी. रात्रपाळी संपवून आलं की हातात चहा घेऊन सकाळच्या उन्हात बसता येईल आणि समोर शेजाऱ्याच्या न्हाणीघराची खिडकी नसेल, एवढीच. गेली कित्येक वर्षं ती हा चहा गॅसपाशी उभ्यानेच पीत होती.

तेव्हा ठरलं असं, की चष्मेवाल्यांनी त्यांच्या पद्धतीने प्रयत्न करून बघावा. नाहीच जमलं तर एजंट आहेच.

आणि चष्मेवाल्यांना लगेच घबाड सापडलं. दुकानाकडे जाताना एका इमारतीच्या फाटकावर पाटी दिसली: ‘फ्लॅट विकणे आहे. मालकाशी बोलावे. एजंटांनी तसदी घेऊ नये.’ पाटी वाचून त्यांना इतका आनंद झाला की फ्लॅट बघण्याआधीच तो त्यांना अर्धाअधिक पसंत पडला. जगात आपल्यासारखा आणखी एक सरळ माणूस आहे, आणि त्याचं घर विकाऊ आहे.

तो सरळ माणूस म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते. सगळी इमारत त्यांना सर आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायची. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि काकूंचे गुडघे रुसलेले, म्हणून दोघं मुलीच्या गावी तळमजल्यावरच्या घरात राहायला निघाले होते. सरांनी फ्लॅट दाखवला तोही विषयाला धरून. बेडरूम उत्तरेला, वारा पश्चिमेकडून येतो, स्वयंपाकघरात उन्हाळ्यात दुपारी तापमान वाढतं पण चारनंतर उतरतं. शेवटी त्यांनी पूर्वेकडचं दार उघडलं आणि बायको बाल्कनीत गेली ती गेलीच. समोर मोकळं मैदान, कडेला झाडं आणि त्यांच्यावरून थेट आभाळ. ती कठड्याला हात लावून गप्प उभी राहिली. ती गप्प झाली की एक तर राग आलेला असतो, नाहीतर वस्तू पसंत पडलेली असते. आणि राग येण्याजोगं चष्मेवाले अजून काही बोलले नव्हते.

त्यांनी तिला तिथेच राहू दिलं आणि सरांसमोर कोचावर बसले. काकूंनी चहा आणला.

"आता व्यवहाराचं बोलायचं तर," सर घसा साफ करून म्हणाले, आणि त्यांनी आकडा सांगितला.

चष्मेवाल्यांनी मनात हिशेब केला. परवडत होता.

"ठीक आहे," ते म्हणाले.

सरांचा कप ओठांपाशी थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे घेतो आम्ही."

"या भावाला?"

"हो. तुम्ही सांगितलात ना?"

"सांगितला," सर म्हणाले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी बिस्किटांकडे पाहिलं. "पण तुम्हाला जास्त नाही वाटत?"

"नाही."

"थोडासुद्धा?"

"अजिबात नाही," चष्मेवाले म्हणाले. समोरच्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी वर आणखी एक वाक्य जोडलं. "उलट मला वाटलं होतं तुम्ही जास्त सांगाल."

सरांचा चहा तसाच राहिला. पुढे काकूंकडूनच कळलं, की सरांनी या भेटीची दोन दिवस तालीम केली होती. काकूंना समोर बसवून गिऱ्हाईक व्हायला लावलं होतं. गिऱ्हाईक म्हणणार, फार होतात. मग आपण हसायचं. मग तो निम्म्यावर येणार. मग आपण खिडकीबाहेर बघायचं. एका तालमीत काकूंनी लिफ्ट नसल्याचा मुद्दा इतका लावून धरला की सर खरोखरच चिडून उठून गेले होते. एवढी सगळी तयारी, आणि समोरच्याने पहिल्याच आकड्याला मान डोलावली. परीक्षेला रात्रभर जागून जावं आणि पर्यवेक्षकाने दारातच ‘पास’ म्हणून घरी पाठवावं, तसं त्या बिचाऱ्यांचं झालं.

"बघितलंस?" घरी जाताना चष्मेवाले म्हणाले. "चहा निवायच्या आत घर झालं. एजंट असता तर महिना घातला असता."

"घर फार छान आहे हो," बायको म्हणाली. तिचे डोळे अजून बाल्कनीतच होते. मग तिला काहीतरी आठवलं. "पण आपण निघताना ते सर असे का दिसत होते? ऑपरेशन ठीक झालं म्हणून सांगितल्यावर काही नातेवाईक दिसतात ना, विश्वास न बसल्यासारखे. तसे."

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. डोळे तपासायचेत म्हणाले. चष्मेवाल्यांनी आनंदाने त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. पण सर तक्त्याकडे बघतच नव्हते. ते चष्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"हे बरं दिसतं की हे?" चष्मेवाल्यांनी काच बदलून विचारलं.

"तुम्हीच सांगा. तुम्हाला बरंच काही आधीच दिसत असतं," सर म्हणाले.

"खालची ओळ वाचता का?"

"ओळ राहू द्या. मला एक सांगा. आमच्या भागात काही होणार आहे का?"

"काय होणार?"

"तेच विचारतोय. रस्ता, कारखाना, काहीही. तुमच्या कानावर काही आलंय?"

चष्मेवाले खोटं बोलत नसत. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि त्या आठवण्यात जरा वेळ गेला. "माझ्या माहितीत तरी काही नाही," ते म्हणाले.

सरांनी चाळीस वर्षं वर्गात उत्तरं ऐकली होती. थांबून दिलेलं उत्तर कसलं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"बरं, समजा मी आकडा जरा जास्त सांगितला असता," त्यांनी त्या जड फ्रेममागून विचारलं, "तर काय केलं असतंत?"

"तरी घेतला असता," चष्मेवाले म्हणाले. "आम्ही थोडे जास्त बाजूला ठेवलेत."

सर उठले. तपासणीची फ्रेम नाकावर तशीच ठेवून ते दारापर्यंत गेले. ती काढून घ्यायला चष्मेवाल्यांना पायरी उतरून धावावं लागलं.

इथपर्यंतही प्रकरण निस्तरलं असतं. पण त्याच शनिवारी चष्मेवाले कपाट कुठे बसेल ते बघायला टेप घेऊन फ्लॅटवर गेले, आणि बायको इस्पितळातून परस्पर तिथे आली ती गणवेशातच. तिला जिना चढताना तळमजल्यावरच्या सेक्रेटरींनी पाहिलं. आदल्याच दिवशी सरांनी या सेक्रेटरींपाशी मन मोकळं केलं होतं, की एक माणूस सांगितलेला भाव देतोय, वर जास्त द्यायलाही तयार आहे आणि कारण सांगत नाही. आता सेक्रेटरींनी दोन अधिक दोन केले. घेणारा डोळ्यांचा धंदा करतो. त्याच्याबरोबर नर्स येते. दोघं टेपने भिंती मोजतात.

"मैदानावर डोळ्यांचं मोठं इस्पितळ येतंय," सेक्रेटरींनी जिन्यात उभं राहून जाहीर केलं. "यांना आतून कळलंय. म्हणून तर घाई."

संध्याकाळपर्यंत इमारतीत इस्पितळाचा पायाही खणून झाला. पहिल्या मजल्यावर एक जण आपला फ्लॅट विकायच्या विचारात होता, त्याने विचार बदलला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं. समोरच होणार असेल तर बसचा खर्च कशाला? आणि सरांनी चष्मेवाल्यांना फोन करून सांगितलं, की आपण जरा थांबू. काकूंच्या गुडघ्यांना तसं आताशा बरं वाटतंय.

चष्मेवाल्यांनी आपल्या परीने गाडी रुळावर आणायचा प्रयत्न केला. आधी ते म्हणाले, की सरांना कमी वाटत असेल तर आम्ही वाढवून देतो. त्याबरोबर सरांची खात्रीच पटली, की इस्पितळ लहानसहान नाही. मग हे चुकलं हे लक्षात येऊन ते म्हणाले, की बरं, वाढवत नाही, उलट कमी करतो, म्हणजे तर शंका राहणार नाही? यावर सर म्हणाले, "दिलेल्या शब्दावरून मागे फिरणारे वाटला नव्हतात तुम्ही," आणि फोन ठेवला. दोन्ही बाजूंनी ढोलकी वाजली ती चष्मेवाल्यांच्याच डोक्यावर.

बायकोला हे सांगणं हा सगळ्यांत अवघड भाग होता. ती सकाळी कामावरून आली होती आणि गॅसपाशी उभ्याने चहा पीत होती.

"असू दे," ती म्हणाली. "दुसरं बघू."

तिने कप विसळला आणि पालथा घातला. ती रागावली असती, ‘तरी मी सांगत होते’ म्हणाली असती, तर चष्मेवाल्यांना सोसलं असतं. तो ‘असू दे’ मात्र सोसवला नाही. इतक्या वर्षांत हिने एक गोष्ट मागितली, ती हिच्या ओंजळीत पडलीही होती, आणि आपण आपल्या सरळपणाचा धक्का मारून ती सांडवली. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्या दिवशी त्यांनी दुकान उशिरा उघडलं. आधी ते एका एजंटबाईंकडे गेले.

एजंटबाईंचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टेबल, दोन खुर्च्या आणि किल्ल्यांनी भरलेली भिंत. बाई डब्यातली काकडी खात होत्या. चष्मेवाल्यांनी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगितली. आपली एजंटांविषयीची मतं तेवढी गाळली. बाई शांतपणे ऐकत होत्या, आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"त्यांनी आकडा सांगितल्यावर तुम्ही किती वेळाने हो म्हणालात?"

"लगेच."

बाईंनी डबा बंद केला. घरगुती इलाज करून आलेल्या रोग्याकडे डॉक्टर बघतो तसं त्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "पहिल्या आकड्याला हो म्हणायचं नसतं हो. विकणाऱ्याचा जीव त्यात अडकून बसतो. त्याला आयुष्यभर वाटत राहणार, की आपण फसलो. बिचाऱ्याची झोप उडाली असणार."

"पण भाव योग्य होता!"

"असेल की. भाव योग्य असणं वेगळं आणि तो योग्य वाटणं वेगळं. भाव तुमचा तुम्ही ठरवाल, त्याला मी कशाला हवी? वाटायला लावायला मी लागते."

"मग आता?"

"आता तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी सांगेन तेव्हा छताकडे बघायचं आणि ‘हं’ म्हणायचं. जमेल?"

"हं," चष्मेवाले म्हणाले.

"छान जमलं. माझ्या पैशांचं काम झाल्यावर बोलू."

सरांनी दार उघडलं तेव्हा एजंटबाई पुढे आणि चष्मेवाले मागे, असे उभे होते. बायको त्यांच्याही मागे.

"खाली पाटी वाचली नाहीत का?" सरांनी विचारलं.

"वाचली ना. तसदी घेऊ नये म्हणून लिहिलंय," बाई आत येत म्हणाल्या. "पण यात तसदी कसली, सर? माझी पार्टी माघार घेतेय, तेवढंच सांगायला आले. चांगल्या माणसांना फोनवर सांगू नये."

"माघार?" सर म्हणाले. "का?"

"आता आलेच आहे तर बघून घेते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बघायला सुरुवात केली. लिफ्ट नाही, हे त्यांनी दमलेल्या श्वासानेच सांगितलं. न्हाणीघराचा नळ उघडून बंद केला आणि मान हलवली. बाल्कनीचं दार घासत होतं, ते त्यांनी दोनदा उघडून सगळ्यांना ऐकवलं. चष्मेवाले छताकडे बघत राहिले.

"नळाला काही झालेलं नाही," सर म्हणाले. "आणि दार सगळ्यांचंच घासतं. त्या दारातून येणारा उजेड बघितलात का?"

"उजेड काय, सगळ्या घरांत येतो."

"असा नाही येत." सर खुर्चीतून उठले. "पूर्वेकडे एकही अडथळा नाही. डिसेंबरात ऊन थेट त्या भिंतीपर्यंत पोचतं. मी खूण करून ठेवलीय, या, दाखवतो."

"हं," चष्मेवाले छताला म्हणाले.

सरांना तो ‘हं’ झोंबला. त्यांनी वारा, उजेड, पाणी, शेजार, भिंतींची जाडी, सगळं मांडायला घेतलं. बाईंनी प्रत्येकात काहीतरी खोट काढली आणि सरांनी प्रत्येक खोटीला चोख उत्तर दिलं. त्यांच्या गालांवर रंग चढला. कित्येक दिवसांनी वर्गावर गेल्यासारखे ते हातवारे करत होते, आणि काकू दारात उभ्या राहून त्यांच्याकडे समाधानाने बघत होत्या. चष्मेवाल्यांना एकदा राहवलं नाही. "मला तर घर खरंच..." असं त्यांनी सुरू केलं, तोच बाईंचा पाय त्यांच्या पायावर पडला आणि वाक्य तिथेच संपलं.

इस्पितळाचा विषय सेक्रेटरींनी काढला. आवाज ऐकून ते वर आलेच होते.

"समोर इस्पितळ येतंय, ते नाही सांगितलंत बाई," ते म्हणाले.

चष्मेवाल्यांना वाटलं, बाई आता ही अफवा मोडीत काढतील. पण बाईंनी हळहळून मान डोलावली. "मला काही तसं कळलेलं नाही. पण तुम्ही म्हणता तसं आलंच, तर कठीण आहे. दिवसरात्र अ‍ॅम्ब्युलन्सचा भोंगा. पार्किंगचे तर हाल विचारू नका. पेशंटचे नातेवाईक तुमच्या फाटकातच गाड्या लावणार. मैदान गेलं म्हणजे हा सरांचा उजेडही गेला. मी तर म्हणते, विकायचं असेल त्याने आधीच विकलेलं बरं."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. ते खाली गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून इमारतीत जो तो शपथेवर सांगू लागला, की इस्पितळबिस्पितळ काही नाही, कुणीतरी कंडी पिकवली होती. आजोबांनीही मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा ठरवली.

मग भावाचं सुरू झालं. बाईंनी असा आकडा सांगितला की चष्मेवाल्यांना छताकडे बघणंच सोपं वाटलं. सर तालमीत ठरवल्याप्रमाणे हसले. इतके दिवस साठवून ठेवलेलं ते हसणं होतं, ते पुष्कळ वेळ चाललं. मग त्यांनी आपला आकडा पहिल्यापेक्षा बराच वर नेला आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाई "चला" म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन जिना उतरू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर पोचल्यावर त्या चपलेचा पट्टा नीट करायला थांबल्या.

"काय झालं?" चष्मेवाल्यांनी कुजबुजत विचारलं.

"काही नाही. लिफ्ट नसलेल्या घराचा हाच फायदा," बाई म्हणाल्या. "माणसाला विचार करायला वेळ मिळतो."

"अहो, जरा ऐकता का?" वरून सरांची हाक आली.

असं पुढे बरंच चाललं. कधी सर रुसले, कधी बाई रुसल्या. फोन झाले. एकदा काकूंनी मध्ये पडून दोघांना चहा पाजला. घर सोडायची तारीख जवळ येत होती आणि बायको रोज कामावरून आल्यावर एकच शब्द विचारी, "काही?" चष्मेवाले मान हलवत. पण त्यांच्या हेही लक्षात आलं, की सर आता फोनवर खडखडीत आवाजात बोलतात, आणि परवा तर चक्क "उद्या येताय ना भांडायला?" असं त्यांनीच विचारलं होतं.

अखेर एका रविवारी आकडा जुळला. बाई हळूहळू वर आल्या, सर हळूहळू खाली आले, आणि ज्या जागी दोघं भेटले तो आकडा ऐकून चष्मेवाल्यांनी बायकोकडे आणि बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तो सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलाच आकडा होता. एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही.

"शेवटी मी माझ्या भावावरून हललो नाही," सर छाती पुढे काढून म्हणाले. त्यांनी चष्मेवाल्यांचा हात दाबला. "वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीही चांगली झुंज दिलीत."

"हं," चष्मेवाले म्हणाले. खरं तर त्यांनाही फार बरं वाटत होतं. पहिल्या दिवशी तोच आकडा देताना ते नुसते गिऱ्हाईक होते. आज तोच आकडा देताना त्यांना आपण किल्ला राखल्यासारखं वाटत होतं. काकूंनी चहा दिला आणि सरांनी तो तळापर्यंत संपवून आणखी मागितला. "आज झोपतील," काकू बायकोच्या कानाशी म्हणाल्या.

सह्या झाल्यावर चष्मेवाले एजंटबाईंच्या टेबलापाशी जाऊन बसले. बाईंनी आपल्या मेहनतान्याचा आकडा सांगितला. चष्मेवाल्यांच्या जिभेवर ‘ठीक आहे’ आलं होतं. पण इतक्या दिवसांची शिकवण वाया जाऊ द्यायची नाही असं ठरवून त्यांनी छताकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याने सांगितलेल्या भावापेक्षा कमी भाव सांगितला.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. लगेच.

चष्मेवाले हरखून बाहेर पडले. चौकापर्यंत त्यांची छाती सरांच्या छातीएवढीच पुढे होती. चौक ओलांडल्यावर त्यांची चाल मंदावली. घरी पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पार उतरला होता.

नव्या घरातल्या पहिल्या सकाळी बायको कामावरून आली. तिने खोक्यांमधून वाट काढत चहा केला, बाल्कनीत खुर्ची टाकली आणि ती बसली. ऊन मैदानावरून थेट तिच्या पायांवर आलं होतं. तिने पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि पाठ खुर्चीला टेकली. चष्मेवाले शेजारी स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होते. त्यांचं मन भरून आलं होतं. पण पूर्ण भरत नव्हतं. एका कोपऱ्यात काहीतरी टोचत होतं.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "त्या एवढ्या लगेच कशा हो म्हणाल्या?"

"कोण?"

"एजंटबाई. मी कमी सांगितलं आणि त्या ताबडतोब ठीक आहे म्हणाल्या. म्हणजे आणखी कमी करायला हवं होतं का? की त्यांना आणखी कुठून काही मिळालं? चार दिवस डोळ्याला डोळा नाही माझा."

बायकोने एक डोळा उघडला. "मग विचारा की त्यांनाच."

चष्मेवाल्यांनी खरंच फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी, शक्य तितक्या सहजपणे, मनातलं विचारलं.

"त्रास होतोय ना?" बाई पलीकडून म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं. त्या दिवशी घाईत होते हो मी, दुसरी पार्टी खाली उभी होती, म्हणून हो म्हणून टाकलं. चूक माझीच. आता त्याला औषध एकच. मी मागितले होते तेवढे पूर्ण देऊन टाका. झोप लागेल."

"ठीक आहे," चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "आजच आणून देतो."

पलीकडे शांतता पसरली.

"हॅलो?" चष्मेवाले म्हणाले.

"हो, आहे मी," बाई सावकाश म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता. "काय हो, तुम्हाला ते जास्त नाहीत वाटत?"

"नाही."

"थोडेसुद्धा?"

चष्मेवाल्यांनी खरं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि बायको हसायला लागली. इतकी हसली की कपातला चहा तिच्या साडीवर सांडला. तो पुसायचं सोडून तिने आधी हात लांब केला आणि नवऱ्याच्या कानापासचा फोन काढून घेतला.

"फार जास्त वाटतात, मॅडम," ती डोळे पुसत म्हणाली. "संध्याकाळी घरी या. चहा घेऊ आणि निवांत भांडू."

"हां, मग येते," बाई म्हणाल्या, आणि फोनमधून सुटकेचा निःश्वास चष्मेवाल्यांनाही ऐकू आला.